न पडणारा पडदा

"प्रेमा, पडदा लावून झाला की आधी त्याच्यापुढं आपण स्वतः बसून बघायचं. मग माणूस बसवायचा."

सासऱ्यांचं हे सांगणं प्रेमाबाईंच्या अंगात इतकं मुरलं होतं की ते मुद्दाम आठवावं लागत नसे. आणि आठवावं लागत नाही ते पाळायचंही कधीतरी राहून जातं, तसं ते राहून गेलं.

सासरे धुळाप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तुळजापुरात देवळाकडं उतरणाऱ्या बोळात त्यांनी थाटलेलं फोटोचं दुकान आता त्यांचा मुलगा शंकरप्पा चालवत होता. कॅमेरा, काळी खोली, फिल्म धुणं, फोटो छापणं हे सगळं शंकरप्पांचं. पडदा आणि बैठक मात्र त्यांच्या पत्नीची, प्रेमाबाईंची. खेड्यातली बाई फोटोला बसली की तिचा पदर सारखा करायला, हनुवटी जराशी वर करायला, पुसटलेलं कुंकू बोटानं सावरायला बाईच लागते. शंकरप्पा लांबून "हं, हं, अजून थोडं" करत राहायचे. प्रेमाबाई जवळ जाऊन इतक्या हळू बोलायच्या की ते त्या बाईलाच ऐकू यावं. "मावशी, आईच्या दारात गेल्यावर तोंड कसं होतं, तसंच असू द्या." एवढ्यानं आवळलेला चेहरा सैल व्हायचा.

त्यांचा सगळा दिवसच असा हलक्या आवाजात जायचा. पहाटे अंघोळ, हातावर घेऊन इष्टलिंगाची पूजा, मग देव्हाऱ्यातल्या भवानीपुढं दिवा. ते झाल्याशिवाय चुलीवर चहाचं आधण चढत नसे. मंगळवारी निरंकार उपास. आणि घरात कुठंही बसल्या तरी देव्हाऱ्याकडं पाठ होऊ द्यायची नाही, हा माहेराहून आणलेला नेम. शंकरप्पा चारचौघांत थट्टा करायचे, "आमच्या घरात पाट कुठं मांडायचा ते आधी देवाला विचारतात. माझा नंबर नंतर."

"तुमचाही लागतो ना नंबर?" प्रेमाबाई म्हणत.

"लागतो. पण तोवर भाकरी गार होते."

दुकानातला मोठा पडदा म्हणजे प्रेमाबाईंचा जीव. एका रंगाऱ्याकडून हौसेनं रंगवून घेतलेला. त्यावर देवळाचं शिखर, शिखरावर झेंडा, खाली दगडी दरवाजा आणि दोन्ही बाजूंना दीपमाळा. उलटी बाजू कोरी, निळसर. नोकरीच्या अर्जाला फोटो लागणारी पोरं, शाळेतले मास्तर, बौद्ध वस्तीतली मंडळी यांना ती कोरी बाजू लागे. बाकी सगळ्यांना शिखर हवं असे.

त्या वर्षी माघात बेंबळीच्या दूध सोसायटीचं बोलावणं आलं. सोसायटीला वर्ष झालं होतं, त्याचा समारंभ. चेअरमन आबाराव स्वतः दुकानात येऊन म्हणाले, "समद्यांचा मिळून एक फोटू काढा. आन् ज्येला एकट्याचा पायजे त्येचाबी. आमच्या गावात मेल्यावरबी माणसाचा फोटू नसतोय, निदान जितेपणी तरी निघू द्या."

पडदा उभा करायची जुनी रीत अशी होती. दोन लाकडी खांब, वर आडवी काठी, खांबांना दोन-दोन दोर आणि ते दोर ताणून बांधायला जमिनीत ठोकलेल्या खुंट्या. बेंबळीत खुंटी जमिनीत जाईना. दोन वर्षं पावसानं हात आखडता घेतलेला. वरची माती उडून गेलेली, खाली नुसता मुरूम. शंकरप्पांनी हातोडा मारला की खुंटी उडी मारून बाहेर यायची आणि पोरं टाळ्या पिटायची. शेवटी आबारावांनी डोकं चालवलं आणि दोर दुधाच्या कॅनना बांधले. सकाळचं दूध गेलेलं, कॅन रिकामे. पण घाई होती. मंडळी नवे फेटे बांधून खोळंबली होती. प्रेमाबाईंनी पडदा ओढून सारखा केला आणि त्या लगेच माणसं बसवायला लागल्या.

मोठा फोटो झाला. एकेकट्यांचे सुरू झाले. बऱ्याच वेळानं पुतळाबाई आली.

पुतळाबाई म्हणजे एका म्हशीची मालकीण आणि सोसायटीची सभासद. उन्हानं तांबूस झालेला चेहरा, कपाळ उघडं, अंगावर घडी मोडलेलं हिरवं लुगडं. तिनं प्रेमाबाईंचा हात धरून बाजूला नेलं.

"बाई, जरा चांगला निघू द्या बरं का. माज्या ल्योकाची, व्यंकटची पोरं मला इचारत्यात, आजा कसला होता? म्या काय सांगू? उंच होता म्हनावं तर किती उंच? मोठ्या दुष्काळात खडीच्या कामावर ताप आला आन् गेला. फोटू न्हाय, काय न्हाय. माज्याबी डोळ्यांपुढनं आता त्येचं तोंड निसटाय लागलंय. व्यंकटला सोलापुरात गिरणीत काम लागलंय. शाळंला सुट्टी पडली का पोरांला घिऊन जाईल. म्या ऱ्हाते हितं म्हशीपाशी. मग म्हनलं, आजा न्हाय तर आजी तरी ऱ्हाऊ द्या त्येंच्याजवळ."

प्रेमाबाईंनी तिला स्टुलावर बसवलं, पदर डोक्यावरून घेतला. शंकरप्पांनी कॅमेऱ्यात पाहिलं. पुतळाबाईनं मान मागं वळवली.

"मावशी, इकडं बघा."

"बघते की." तिनं पुढं पाहिलं आणि पुन्हा मान मागं.

"मावशी, इकडं!"

"आजे, चित्र मागनं बघ. घरला न्यायचं का ते?" कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. आजीला चित्र लई आवडलं, असं एकमेकांना सांगू लागले. पुतळाबाई कसनुसं हसली, स्टुलावर सावरून बसली आणि तिसऱ्यांदा वळली. तेवढ्यात माळावरून वाऱ्याचा एक लोट आला, रिकामा कॅन खडखडत गेला आणि खांब, काठी, शिखर, दीपमाळा असं सगळं पुतळाबाईच्या अंगावर आलं.

लागलं काही नाही. माणसं हसत हसतच धावली. पडदा उचलला, दोरात अडकलेला स्टुलाचा पाय प्रेमाबाईंनी सोडवला, तेव्हा मात्र हसणं थांबलं. पुतळाबाई खाली बसली होती, हात जोडलेले, डोळे मिटलेले.

"नको म्हनतीया आई," ती म्हणाली. "त्येचा फोटू निघाला न्हाय. माजाबी नकोय तिच्या मनात."

"अगं वारा आला," आबाराव म्हणाले.

"इतक्या येळ न्हवता आला. माज्याच पाळीला बरा आला?"

शंकरप्पा "दोघंजण पडदा धरा, लगेच काढतो" म्हणाले. पण पुतळाबाई उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि घराकडं चालू लागली. प्रेमाबाई तिच्या मागोमाग गेल्या. तिच्या दाराशी, म्हशीच्या गव्हाणीजवळ, दोघी उभ्या राहिल्या.

"मावशी, पडदा माझ्या हातनं पडला. आईचं त्यात काही नाही."

"तुमी देवाच्या बाई. तुमच्या हातनं कसा पडंल?"

"मग मी न पडणारा पडदा घेऊन येते. पोरं सोलापूरला निघायच्या आत. तेव्हा तर बसाल?"

पुतळाबाईनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "धरलेला नको. आपल्या पायावर हुबा ऱ्हायला पायजे. तसा ऱ्हायला तर म्हनंन, आईनं हूं म्हनलं."

घरी आल्यावर प्रेमाबाईंनी आपल्या चहात साखर घातली नाही. शंकरप्पांच्या ते लगेच ध्यानात आलं.

"सोडली?"

"फोटो निघेपर्यंत."

"वा! इकडं गावोगाव साखर कारखान्याचे शेअर खपवतायत, आणि आमच्या घरातलं माणूस साखर सोडतंय. कारखाना बुडाला तर आपल्यावर येईल." त्यांनी आपल्या बशीतला चहा फुंकला, एक घोट घेतला. मग आपलाच चहा गोड लागतोय याची त्यांना थोडी लाज वाटली असावी. ते म्हणाले, "करू. स्टँड चांगला करू यंदा."

चांगला म्हणजे कसा, यावरच पुढचे कितीतरी दिवस गेले. भिंतीवर पडदा टांगावा म्हटलं तर खेड्यातल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत खिळा ठोकला की मूठभर भुगा हातात येतो. झाडाला बांधावा तर उजेड आणि झाड एका जागी सापडत नाही. म्हणजे स्वतःच्या पायावर उभा राहील असाच स्टँड हवा होता, आणि तो एसटीनं नेता यायला हवा होता.

शंकरप्पांचा भरवसा लोखंडावर. त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून दोन जाड पाइप आणि खाली गाडीच्या चाकाएवढ्या दोन तबकड्या करून घेतल्या. माडीवर उभा केला तर तो स्टँड बुरुजासारखा उभा. शंकरप्पांनी स्वतः त्याला धक्के मारून दाखवले. पुढच्या आठवड्यात कळंबला एका लग्नाचं काम होतं, तिथं तो न्यायचं ठरलं. एसटीत चढवताना कंडक्टर आडवा आला.

"ह्ये काय हाय, मास्तर? बोअरचे पाइप का?"

झालं. पुढच्या बाकावरचा म्हातारा वळला. "कुठल्या गावाला बोअर लागली म्हनं?" मागच्यानं विचारलं, पाणी गोड आहे का मचूळ. कोणी म्हणालं, आमच्या गावात दोनदा खणली, नुसती भुकटी निघाली. येरमाळ्यापर्यंत अख्खी गाडी पाण्यावर बोलत होती आणि शंकरप्पांना मधे "हे फोटोचं आहे" म्हणायचा धीर होईना. एवढ्या तहानलेल्या माणसांना काय सांगायचं. कळंबला त्यांनी टपावरून ते पाइप खाली घेतले आणि कमरेत उसण भरली. लग्नाचे फोटो त्यांनी वाकूनच काढले. नवरदेवाच्या बापाला वाटलं, केवढा नम्र माणूस आहे.

घरी पालथं पडून तेल चोळून घेताना ते म्हणाले, "स्टँड मजबूत आहे. मी नाही."

मग दोघं सोलापूरला गेली. फोटोच्या सामानाच्या दुकानात एक चकचकीत, बोटाएवढ्या नळ्यांचा स्टँड होता. दुकानदारानं तो एका हातानं उघडला. "वहिनी, वजन बघा. छत्रीसारखा मिटतो."

"छत्रीसारखा उडतोही का?" प्रेमाबाईंनी हळूच विचारलं.

दुकानदार हसला. पण डोक्यावरच्या पंख्यानंच त्या नळ्या थरथरत होत्या. खोलीत ठेवायला छान होता तो. गालिचा असलेल्या खोलीत. बेंबळीच्या मुरमावर त्याचं काय झालं असतं ते दोघांनाही दिसलं. ती दोघं बाहेर आली.

फाल्गुन निम्मा सरला. चेअरमन आबाराव देवदर्शनाला आले तेव्हा सांगून गेले, "पुतळाबाई काय तयार न्हाय. पोरांचं जायाचं मातुर ठरलंय बघा." प्रेमाबाईंनी बिनसाखरेचा चहा पिऊन कप पालथा घातला आणि देव्हाऱ्याकडं बघितलं. काही मागितलं नाही. मागायची त्यांना सवय नव्हती.

त्याच सुमाराला शेजारच्या सारजाबाईंच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. गोंधळाचा चौक मांडताना पाच उसाची ताटं उभी करून त्यांचे शेंडे वर एकत्र बांधतात आणि त्याखाली देवीचा कलश मांडतात. यंदा ऊस कुठला मिळायला? म्हणून बुरुडाकडून पाच वेळू आणले होते. दिवेलागणीला अंगणात चौक मांडला. अंधारलं म्हणून वरच्या गाठीला कोणीतरी पेटलेली गॅसबत्ती अडकवली. संबळ वाजायला लागला न लागला तोच फाल्गुनातली धुळीची वावटळ अंगणात शिरली. मांडवाचं कापड फाटून शेजारच्या पत्र्यावर गेलं. पत्रावळी उडाल्या, बायकांनी डोळ्यांवर पदर घेतले. धूळ बसली तेव्हा प्रेमाबाईंनी पाहिलं, पाची वेळू जागच्या जागी होते. जमिनीत रोवलेले नव्हते. नुसते पाय फाकून, माना एकमेकांच्या खांद्यावर टाकून उभे. आणि बत्तीच्या वजनानं ती गाठ उलट खाली दाबून बसलेली.

त्या बघतच राहिल्या. गोंधळी बब्रुवान संबळ थांबवून म्हणाला, "काय वहिनी, आईकडं बघायचं सोडून येळवाच्या गाठी मोजताय व्हय?"

बायका खुदखुदल्या. प्रेमाबाईंनी पटकन गालावर हात मारून घेतले आणि कलशाकडं डोळे वळवले. पण मन काही वेळूवरून खाली उतरेना. आई, हे तूच दाखवलंस, मग तुझ्याकडंच बघणं झालं की, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या तेव्हा कुठं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या बुरुडाकडं गेल्या. हलके, पक्के, एकसारखे वेळू निवडले. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, वर पडद्यासाठी एक आडवा. शेंड्याला सुती दोर. आणि वजन? वजन न्यायचंच नाही. खताच्या रिकाम्या गोण्या फाडून त्यांनी दोन पिशव्या शिवल्या. ज्या गावाला जायचं तिथले दगड त्यात भरायचे आणि गाठीखाली टांगायच्या. दगडाला आपल्या जिल्ह्यात काय तोटा.

शंकरप्पांनी मोळी पाहिली. "दहा वेळू? सुतळीनं बांधून खांद्यावर घेऊन निघालो तर लोक टोप्या काढून विचारतील, कोण गेलं म्हणून."

"काहीतरी बोलू नका सकाळच्या पारी!"

"पण दहा कशाला?"

"पाच-पाच नकोत?" प्रेमाबाईंना प्रश्नच कळला नाही. पाच असतात म्हणून पाच.

चैत्र लागला. पौर्णिमेच्या आधी एका सकाळी दोघं गावाबाहेर घाटाच्या कडेला गेली. तिथं वारा कधी थांबतच नाही. पाच-पाच वेळूंचे दोन चौक उभे राहिले, दगडांच्या पिशव्या लोंबल्या, आडव्या वेळूवरून पडदा खाली आला. वाऱ्यानं त्यावर छाती टेकली. पडद्याचं पोट फुगलं, वेळू करकरले, आणि तेवढंच. शंकरप्पांनी कमरेवर हात ठेवून सगळीकडून चक्कर मारली. "राहिला बाई," ते म्हणाले.

तेवढ्यात घाट चढून आलेल्या यात्रेकरू बायकांचा घोळका तिथं पोचला. पुढच्या बायकांनी पाच वेळू पाहिले, शिखर पाहिलं आणि चपला काढल्या. एकीनं वेळूला हळद-कुंकू वाहिलं. दुसरी खाली बसून पदरानं वारा घेत म्हणाली, "कुनाचा गोंधळ हाय वो? कवा उभा ऱ्हायचाय?"

"फोटोचा गोंधळ आहे, मावशी," शंकरप्पा म्हणाले.

बायका आधी गोंधळल्या आणि मग पोट धरून हसल्या. "मंग काढा की आमचा!" पण स्टुलावर बसायला एकही सरळ बसेना. एक तिरकी बसली, एक अर्धी उठली. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी तर स्टुलाकडं बघून ठाम म्हणाली, "आईकडं पाठ करून बसायचं? माज्यानं न्हाय हुयाचं."

"मावशी, ते चित्र आहे," शंकरप्पा म्हणाले.

"चित्र काडनाऱ्यानं आईचंच काडलंय न्हवं?"

प्रेमाबाई वेळूची गाठ आवळत होत्या. त्यांचे हात थांबले. किती दिवसांत ऐकला नव्हता तो सासऱ्यांचा आवाज कानात आला, आधी आपण बसून बघायचं. माघात त्या बसल्या नव्हत्या. आजही बसल्या नव्हत्या.

त्या स्टुलावर जाऊन बसल्या. कॅमेऱ्याकडं तोंड, शिखराकडं पाठ.

क्षणही गेला नसेल. पाठीच्या कण्यात काहीतरी टोचल्यासारखं झालं. घरात कधी देव्हाऱ्याकडं न वळलेली पाठ होती ती. मान आपसूक मागं वळली.

"इकडं बघ," शंकरप्पा सवयीनं म्हणाले.

"बघते की," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा वळल्या. मग तशाच, अर्ध्या वळलेल्या, बसून राहिल्या.

बेंबळीतलं सगळं त्यांना आता दिसलं. चित्र बघायला नव्हती वळत ती म्हातारी. आईकडं पाठ झाली म्हणून जीव कासावीस होत होता तिचा, आणि इतक्या माणसांत सांगता येत नव्हतं. त्या वळण्या-सरकण्यात स्टूल मागं मागं गेलं असणार. पडदा उचलला तेव्हा स्टुलाचा पाय दोरात अडकलेला होता. प्रेमाबाईंनीच तर तो सोडवला होता. सोडवला आणि विसरून गेल्या. वाऱ्याचं नुसतं निमित्त झालं.

"अहो," त्या उठून म्हणाल्या, "स्टूल असं बाजूनं ठेवू. उजव्या हाताला आई, डाव्या हाताला तुम्ही. मान नुसती तुमच्याकडं वळवायची. पाठ कुणाकडंच नाही."

शंकरप्पांनी कॅमेऱ्यातून पाहिलं, डोकं वर काढलं, पुन्हा पाहिलं. "ऊनही गालावर बरं येतंय. मला वाटत होतं, सरळच बसवायचं असतं."

"मामंजी म्हणाले होते बसून बघ. मी बघितलं नव्हतं."

म्हातारी यात्रेकरीण त्या स्टुलावर बाजूनं बसली. आधी शिखराला नमस्कार, मग कॅमेऱ्याकडं तोंड, आणि चेहऱ्यावर तो नमस्कार तसाच राहिलेला. शंकरप्पा एकदाही "इकडं बघा" म्हणाले नाहीत. म्हणावंच लागलं नाही.

"पण वहिनी," म्हातारी उठता उठता म्हणाली, "पाच येळू हुबे केले का लोक कुकू लावणारच. फोटूला तीन बास झाले की."

प्रेमाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. शंकरप्पा कॅमेऱ्याच्या तिवईवर हात ठेवून उभे होते. तीन पायांची तिवई. लग्नाच्या आधीपासून त्यांच्या खांद्यावर असलेली. दोघांचं लक्ष तिच्याकडं एकदमच गेलं.

"रोज खांद्यावर वागवतोय मी हिला," शंकरप्पा हसत हसत म्हणाले, "आणि तू गोंधळात जाऊन शोधलंस!"

"तुम्ही तरी लोखंडात शोधलंत की," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि त्याही हसल्या.

दोन्ही बाजूंचे दोन-दोन वेळू काढले. तीन-तीनवर पडदा तसाच उभा राहिला. काढलेले वेळू त्यांनी परसात वेलाच्या मांडवाला दिले. हळद-कुंकू लागलेले होते, नुसते टाकवेनात.

जाताना त्या म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून एक बत्तासा काढून प्रेमाबाईंच्या हातावर ठेवला. "आईचा परसाद. खावा."

"खाते. पण थोडं थांबून." त्यांनी तो पदराच्या टोकाला बांधला.

पुढचे दोन दिवस मंगळवार आणि पौर्णिमेची गर्दी यांत गेले. त्यानंतरच्या सकाळी प्रेमाबाई नेहमीपेक्षा लवकर उठल्या. अंघोळ झाली, पूजा झाली, दिवा लावला. बिनसाखरेचा चहा घेताना शंकरप्पांनी आपल्या कपातही साखर घातली नाही. एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि कप रिकामा केला.

सहा वेळू, एक आडवा, त्यावर गुंडाळलेला पडदा. मोळीवर प्रेमाबाईंनी जुन्या पिवळ्या लुगड्याची खोळ शिवली होती, कोणी भलतंच विचारू नये म्हणून. रिकाम्या पिशव्या घडी करून काखेत. शंकरप्पांनी मोळी उचलायला हात पुढं केला.

"तुमची कंबर," प्रेमाबाई म्हणाल्या, आणि मोळी त्यांनीच खांद्यावर घेतली. ओझं जाणवलंच नाही.

"एसटीला वेळ आहे अजून. माझी चप्पल तरी सापडू दे."

"या तुम्ही. मी पुढं होते."

बोळात अजून दुकानं उघडायची होती. कोणीतरी पायऱ्यांवर पाणी मारत होतं. प्रेमाबाई देवळाच्या बाजूनं जाताना जरा थांबल्या, खांद्यावरच्या मोळीसकट शिखराकडं तोंड करून वाकल्या. मग पदराच्या टोकाला बत्तासा आहे ना हे बोटांनी चाचपलं आणि पाठ होणार नाही अशा बेतानं चार पावलं तिरप्या तिरप्या चालून बेंबळीच्या गाडीकडं वळल्या.